साडेदहाला कुणी पाणीसुद्धा मागायचं नाही

सांगायची लाज वाटते, पण पोटात ठेवलं तर पोट दुखेल. आमच्या भाटघरात बायका बिघडल्या. पुरुष आधीच बिघडलेले, त्यांचं नवल नाही. पण चाळीस वर्षं जिनं हरिपाठ चुकवला नाही ती आमच्या आळीतली काकू परवा गिरणीत माझ्या कानाशी लागून म्हणते, "गळा दाबून मारलं ना, की डोळ्यांत लाल ठिपके उठतात म्हणे." समोर ज्वारीचं पीठ पडत होतं. गिरणीवाल्यानं ऐकलं, चक्की बंद केली आणि खालच्या आवाजात विचारलं, "कुणाच्या?"

कुणाच्या काय कुणाच्या! टीव्हीतल्या. पण बघा, त्यानं चक्की बंद केली. एरवी दळण जळायला लागलं तरी हा माणूस बंद करत नाही.

हे खूळ कधी शिरलं ते मला तारखेसकट ठाऊक आहे. 31 ऑगस्ट 2020. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, करोनामुळे मिरवणूक नाही, वाजंत्री नाही, माणसं घरात कोंबडीसारखी खुडूक बसलेली. आणि त्या रात्री साडेदहाला झी मराठीवर 'देवमाणूस' लागलं. गावात आलेला एक गोड बोलणारा डॉक्टर. कुणाचे पैसे घेत नाही, म्हाताऱ्यांच्या पाया पडतो, अर्ध्या रात्री उठून येतो. गाव त्याला देव म्हणतं आणि तो गावातल्या बायकांचे दागिने काढून घेऊन त्यांना मातीआड करतो. डिग्री खोटी, नाव खोटं, हसू तेवढं खरं. किरण गायकवाड नावाच्या त्या पोरानं असं काही काम केलं की आमच्याकडच्या दोन बायकांनी भोरच्या दवाखान्यात सलाईन लावून घ्यायला नकार दिला. डॉक्टर बिचारा सत्तरीचा, हात कापणारा. म्हणे, "बोलायला फार गोड आहे. नकोच."

त्या दिवसांत घराघरात नियम झाले. साडेदहाला कुणी पाणी मागायचं नाही. कुणी फोन करायचा नाही. केलाच तर मयताचा असावा. स्वयंपाकघरातला दिवा बंद, कुकरची शिट्टी आधीच काढून घ्यायची. आणि बरोब्बर इंजेक्शनची सुई दंडाशी आली की वीज जायची. इथे पाण्यावर वीज करतात हो, धरणाच्या पायथ्याशीच वीजघर आहे, आणि आमची वीज जाते! एकदा अशीच गेली तेव्हा आळीतल्या अकरा घरांतून एकाच सुरात "अगंऽऽ" ऐकू आलं. धरणाच्या भिंतीवर आपटून ते परत आलं असेल. मग वाईच्या नणंदेला फोन लावायचा, पुढे काय झालं. नणंद फोन उचलायची नाही. तीही बघत असायची.

ही नणंद वाईची, हे जरा लक्षात ठेवा. भोरहून आंबाडखिंडीचा घाट चढलं की मांढरदेव, आणि पलीकडे उतरलं की वाई. आम्हाला वाई म्हणजे शेजारच्या आळीसारखी. सोयरीक तिकडची, बाजार तिकडचा, काळूबाईला जाताना निम्मा रस्ता एकच. आणि 2016 च्या ऑगस्टमध्ये वाईजवळच्या धोमला काय उघडकीला आलं ते सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. एक बाई बेपत्ता झाली, तिचा माग काढता काढता पोलीस एका डॉक्टर म्हणवणाऱ्या माणसापर्यंत पोचले आणि त्याच्या फार्महाऊसच्या आवारात खोदाखोद सुरू झाली. तेरा वर्षांत सहा खून, असा आरोप. मालिका त्यावरूनच बेतलेली, असं जो तो म्हणतो. बाकी सगळं आम्ही चहाबरोबर चघळतो, पण हा विषय निघाला की नणंद गप्प होते. मी एकदाच विचारलं, "तुम्हाला काही जाणवलं नाही का हो इतक्या वर्षांत?" ती म्हणाली, "काय जाणवणार? लोक औषध घ्यायला जायचे, बरे होऊन यायचे." नंतर तिनं मेथीची जुडी उचलली आणि निवडायला बसली. पुढे काही विचारायची माझी छाती झाली नाही. माझी! जिनं तलाठ्याच्या बायकोचं माहेर तिसऱ्या पिढीपर्यंत खणून काढलं आहे.

तर असो. 15 ऑगस्ट 2021 ला पहिला भाग संपला. आम्ही सुटकेचा श्वास सोडतोय तोवर डिसेंबरात दुसरा भाग. तो संपला, जरा माणसांत आलो, हरिपाठाला चार टाळ पुन्हा वाजायला लागले, तर 2025 च्या जूनमध्ये 'मधला अध्याय'! आधी पहिला, मग दुसरा, मग मधला. आमची सासू असती तर म्हणाली असती, आधी मूल, मग बारसं, मग लग्न.

आता कुणी म्हणेल ही सगळी टीव्हीची करणी. अहो, टीव्हीला कशाला बोल लावता? 1962 साली अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' आलं, त्यात निपाणीचा तंबाखूवाला लखोबा लोखंडे काय करत होता? नावं बदलून घराघरांत शिरत होता, लग्नं लावून घेत होता, बायकांना बुडवत होता. तेही खऱ्या खटल्यावरूनच. प्रभाकर पणशीकर एकाच नाटकात पाच माणसं व्हायचे आणि फिरत्या रंगमंचावर घरामागून घर समोर यायचं. आमच्या सासऱ्यांनी ते पुण्याला जाऊन पाहिलं, आणि त्यानंतर घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक जावयाला ते गाव, तालुका आणि पोस्ट विचारायचे. थोरल्या जावयानं एकदा वैतागून रेशनकार्डच पुढे केलं होतं. त्याआधीची पिढी बाबूराव अर्नाळकरांवर पोसलेली. हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसानं, आणि त्यातल्या शे-दीडशे तरी आमच्याकडे पोथीच्या कापडात गुंडाळून ठेवलेल्या सापडल्या. पोथी कुठे होती ते अजून सापडलेलं नाही.

कोकणातल्या लोकांनी तर हे आमच्या आधी भोगलं. 2016 मध्ये 'रात्रीस खेळ चाले' सुरू झालं तेव्हा तिकडे निषेध झाले, आमच्या मुलखाची बदनामी करता म्हणून. पुढे काय झालं? आकेरीला जिथं चित्रीकरण चालायचं तो नाईकांचा वाडा बघायला लोक गाड्या करून जायला लागले. आमच्या महिला मंडळानंही गणपतीपुळ्याची सहल म्हणून वर्गणी काढली आणि गाडी वळवली आकेरीला. वाड्यासमोर अंगारा लावल्यासारखे चेहरे करून फोटो काढले. परत येऊन काय सांगितलं? "दर्शन छान झालं."

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. मालिका बघा, सिनेमे बघा, माझी ना नाही. बघून झालं की मंडळी खिडकीतून बाहेर बघतात, ते वाईट. हिचकॉकचा एक सिनेमा आहे म्हणे 1954 चा, 'रिअर विंडो'. पाय मोडलेला एक फोटोग्राफर खिडकीत बसून समोरच्या घरांत बघत राहतो आणि त्याला खुनाचा संशय येतो. आमच्या पुतण्यानं मोबाइलवर दाखवला. मी म्हटलं, यात विशेष ते काय? आमच्या आळीत असे बारा जण आहेत, आणि एकाचाही पाय मोडलेला नाही.

आमच्या घरात बघण्यासारखं काही नाही म्हणून बरं. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त, मी ही अशी, मागच्या खोलीत अडगळ.

2022 च्या चैत्रातली गोष्ट. दुसरा भाग रंगात आलेला. धरणाच्या फुगवट्याला, म्हणजे आता सगळे बॅकवॉटर म्हणतात तिथे, पुण्याच्या लोकांनी प्लॉट घेऊन बंगले बांधले आहेत. शनिवारी गाड्या येतात, रविवारी कोळशाचा धूर निघतो, सोमवारी कुलपं. त्यातल्या एका बंगल्यात मात्र कुलूप लागेना. बाई एकटी राहायला लागली. नवरा शनिवारी रात्री यायचा, सोमवारी उजाडायच्या आत जायचा. बाई बाजारात दिसायची नाही, देवळात नाही, कुणाशी चार शब्द नाहीत. खिडक्यांना जाड पडदे. आणि रात्री कधीतरी आतून पुरुषी आवाज, मोठ्यानं ओरडल्यासारखा. नवरा पुण्यात असताना!

बस. आळीला तेवढं पुरे होतं. काकू म्हणाली, कोंडून ठेवलंय कुणाला तरी. तिची सून म्हणाली, दुसरा नवरा असेल. मी काहीच म्हटलं नाही, मी फक्त म्हटलं की कचऱ्यात औषधांच्या पट्ट्या फार असतात.

आणि एका शनिवारी, मालिका संपून अर्धा तास झालेला, तिकडून आवाज आला. खण्ण. थोडा वेळ शांत. पुन्हा खण्ण. कुदळीचा. मुरमात बसल्यावर कुदळ कशी बोलते ते आम्हाला सांगायला नको. आम्ही चौघी गच्चीवर गेलो, दिवा न लावता, चपला हातात घेऊन. तर नवरा खड्डा खणतोय, बायको मोबाइलचा उजेड धरून उभी, आणि बाजूला पोत्यात गुंडाळलेलं लांबच्या लांब काहीतरी. मनुष्यभर लांब. काकूनं माझा दंड असा धरला की तीन दिवस वळ होता. "पोलीसपाटलाला फोन कर," ती म्हणाली. सून म्हणाली, "थांबा, आधी पूर्ण खणू दे."

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी प्रश्न असा की जायचं कसं? आपल्या बायकांना देवानं यासाठीच हळदीकुंकू दिलं आहे. चैत्रगौर बसलेली होतीच. करंडा घेतला, आंब्याची डाळ डब्यात भरली, पन्ह्याचा तांब्या घेतला आणि आमची चौघींची वरात पंचनाम्याला निघाली. फाटकाशी बघतो तर खड्डा एक नव्हताच. ओळीनं सात खड्डे. प्रत्येकात लोखंडी खांब ठोकलेला, तळाला ओलं सिमेंट, आणि पोत्यातली लांबलचक वस्तू म्हणजे जाळीची गुंडाळी.

दार तिनंच उघडलं. डोळे सुजलेले, झोप नसल्यावर सुजतात तसे. आत सोफ्यावर एक उंच म्हातारे गृहस्थ बसलेले, इस्त्रीचा सदरा, पायात बूट. आम्हाला बघून उठले आणि म्हणाले, "गाडी किती वाजता आहे?" काकू भांबावून म्हणाली, "कुठली?" ते म्हणाले, "मला ऑफिसला जायचंय, हे लोक सोडत नाहीत."

सासरे होते तिचे. विसरायचा आजार. पुण्यात सोसायटीत राहायचे तेव्हा रात्री उठून दुसऱ्यांच्या घरांच्या बेल वाजवायचे. आधी लोकांनी समजून घेतलं, मग ग्रुपवर मेसेज यायला लागले, मग मीटिंगमध्ये विषय निघाला. म्हणून तिनं आपली नोकरी सोडली आणि इथं घेऊन आली. इथे बेल नाहीत, पण पाणी आहे. आदल्या आठवड्यात ते पहाटे चालत पार काठापर्यंत गेले होते. म्हणून कुंपण. आणि रात्रीच का, तर दिवसा खांब बघितले की ते विचारतात, "मला कोंडताय का?" आणि रडतात.

ती हे सगळं सांगताना एकदाही रडली नाही. पन्हं तेवढं घटाघटा प्यायली. आम्हा चौघींना बसल्या जागी धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. कुणी काही बोलेना. शेवटी काकूनं तिला कुंकू लावलं, ओटी भरली, आणि जिन्यात आल्यावर मला म्हणाली, "पण गं, दुसरा नवरा असता तर?" अशी आहे ही बाई. चाळीस वर्षांचा हरिपाठ!

मास्तरांना मी हे सांगितलं. मास्तर म्हणजे आमच्याकडचे निवृत्त शिक्षक, मालिका बघत नाहीत, सिनेमे बघतात, आणि बघून झाल्यावर सगळ्यांना तोंडी परीक्षा घेतल्यासारखे विचारतात. 'दृश्यम' त्यांचा लाडका. आपल्या निशिकांत कामतनं केलेला 2015 चा हिंदी. तो साळगावकर सगळ्या कुटुंबाला घेऊन 2 आणि 3 ऑक्टोबरला पणजीला होतो म्हणून साक्षीदार उभे करतो. कंडक्टर, हॉटेलवाला, थिएटरवाला, सगळे छातीवर हात ठेवून सांगतात, होय साहेब, आले होते. मास्तर म्हणतात, "गोव्यात चाललं. भोरात चाललं असतं का?" छे! भोरच्या चौकातल्या एकाही माणसानं 2 तारखेवर समाधान मानलं नसतं. 2 ला आले होते, बायकोनं निळी साडी नेसली होती, धाकटीला खोकला होता, नवरा-बायकोचं भांडण झालं होतं, भजी पार्सल घेतली आणि चार रुपये कमी दिले. आणि साहेब, खरं सांगायचं तर ती 4 तारीख होती. बिचारा साळगावकर मध्यंतराआधीच आत.

त्याच मास्तरांना मी 'आपला मानूस' बघा म्हटलं. 2018 चा, नाना पाटेकरांचा. विवेक बेळ्यांच्या 'काटकोन त्रिकोण' नाटकावरून केलेला. फ्लॅटमध्ये राहणारं जोडपं, त्यांच्याकडे राहणारा म्हातारा बाप गॅलरीतून खाली पडतो. पडला, उडी मारली, की ढकललं? नाना इन्स्पेक्टर होऊन येतो आणि त्या घरातलं एकेक बोलणं उकरत बसतो. चहा कुणी दिला, टीव्हीचा आवाज कुणी कमी करायला लावला, कोण कुणाला काय टोचून बोललं. मास्तरांनी बघितला. दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मी होऊन विचारलं तेव्हा म्हणाले, "ठीक आहे. जरा संथ आहे." मास्तर मुलाकडे राहतात. त्यांची खुर्ची दोन वर्षांपूर्वी हॉलमधून पडवीत आली, वारा चांगला लागतो म्हणून. आळीतल्या प्रत्येकाला ती खुर्ची दिसते. कुणी काढलाय विषय?

म्हणून म्हणते, टीव्हीवाल्यांचं रहस्य आमच्याकडे चालायचं नाही. त्यांच्याकडे शेवटपर्यंत कळत नाही कुणी केलं ते. इथे पहिल्या दिवशी कळतं. कुणाच्या सुनेनं उन्हाळ्यात लांब बाह्या का घातल्या, कुणाचा सातबारा कुठल्या बँकेत पडलाय, कुठला मुलगा 'कंपनीत आहे' म्हणजे कुठे आहे, सगळं ठाऊक. फक्त आधी कोण बोलणार, एवढाच सस्पेन्स. आणि तो तीस-तीस वर्षं चालतो, मधल्या अध्यायासकट. आमच्या धरणाला दारं किती तर एक्क्याऐंशी, त्यातली पंचेचाळीस स्वयंचलित. पाणी एका पातळीला चढलं की आपली आपण उघडतात. साहेबाच्या राज्यात 1928 मध्ये बांधून पुरं झालेलं काम, लॉइड साहेबाच्या नावाचं, साडेतेवीस टीएमसी पाणी पोटात घेऊन बसतं आणि वेळ आली की सोडून देतं. ते खाली बारामती, इंदापूर, फलटणपर्यंत जातं. गावातल्या माणसांना असली दारं बसवायचं साहेबाला सुचलं नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की कांबऱ्याचं जुनं देऊळ वर येतं. मग मोबाइल घेऊन पोरं धावतात, पेपरात फोटो येतो, 'जलसमाधीतून मंदिर बाहेर'. आमचे हे दरवर्षी ती बातमी वाचून चिडतात. म्हणतात, "बाहेर आलं कुठे? तिथेच होतं की." मी म्हणते, चिडता कशाला, चहा घ्या.

त्या बंगल्यातली बाई आता आमच्यात मिसळली आहे. अधूनमधून संध्याकाळी सासऱ्यांना घेऊन येते. ते आमच्या ओट्यावर बसून गाडीची वाट बघतात, आणि काकू त्यांना न चुकता सांगते की गाडी लेट आहे. त्यांना ते पटतं. एसटीचा अनुभव असणार. 'मधला अध्याय' आम्ही सगळ्या मिळून बघायला लागलो, तर ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "हा माणूस इतका गोड बोलतो तर कुणालाच संशय कसा येत नाही?" काकू म्हणाली, "नवीन आहेस. येईल सवय."

मागच्या मंगळवारी ती एकटीच आली. सासऱ्यांना झोप लागली होती, नवरा रजा घेऊन आला होता. मी चहा टाकला. इकडचं तिकडचं झालं, लोणच्याच्या कैऱ्या झाल्या, गॅसवर दूध उतू जायला आलं म्हणून मी वळले, आणि ती पाठीमागून हळू आवाजात म्हणाली,

"काकू, राग मानू नका. मी रात्री जागीच असते ना, म्हणून दिसतं. तुमच्या मागच्या खोलीतला दिवा रोज दोनच्या सुमाराला लागतो. कधी कधी पहाटेपर्यंत असतो. काही लागलं तर मला हाक मारत जा."

दूध खाली बसलं. मी गॅस बारीक केला.

"साखर किती घालू गं तुला?" मी विचारलं.